मुंबईचा प्लेग, नगरची गावे आणि साखळीवही

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके आणि सोळाशेच्या आसपास गावे. पश्चिमेला अकोले तालुक्यातले कळसूबाई-रतनगडाचे डोंगर, तर आग्नेयेला जामखेडचा माळ. एखादी सूचना या सगळ्या गावांना पोचवायची तर आपल्याला एकच रीत सुचते : जिल्ह्याच्या ठिकाणाहून तालुक्याला आणि तालुक्याहून गावाला.

पण समजा, जिल्ह्याचे ठिकाणच नाही. तहसील कचेरी नाही, कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही. प्रत्येक गावाकडे एक फोन आणि बाकीच्या सगळ्या गावांचे क्रमांक आहेत. नियम एकच. ज्या गावाला बातमी कळली त्याने दर दहा मिनिटांनी चिठ्ठी टाकून कोणतेही एक गाव निवडायचे आणि त्याला फोन करायचा. त्या गावाला बातमी आधीच कळलेली असेल तर तो फोन वाया गेला. अशा रीतीने सोळाशे गावांना बातमी कळायला किती वेळ लागेल?

वर्गात हा प्रश्न विचारला तर उत्तरे आठवड्यापासून महिन्यापर्यंत येतील. प्रत्यक्षात अठरा फेऱ्या, म्हणजे सुमारे तीन तास पुरतात. सुरुवातीला एकाची दोन, दोनाची चार, चाराची आठ अशी दामदुप्पट चालते. या वेगाने दहा-अकरा फेऱ्यांत बहुतेक जिल्हा व्यापतो. पुढच्या सात-एक फेऱ्या उरल्यासुरल्या गावांना शोधण्यात जातात, कारण आता बहुतेक फोन माहीतगार गावांनाच लागतात. बोरिस पिटेल या गणितज्ञाने १९८७ साली याचे सूत्र सिद्ध केले. गावांच्या संख्येचा २ या पायाचा लॉगरिथम आणि त्याच संख्येचा नैसर्गिक लॉगरिथम यांची बेरीज केली की फेऱ्यांची संख्या मिळते. १६०० साठी १०.६ आणि ७.४, मिळून १८. आणि या खेळात एकूण फोन किती होतात? बारा-तेरा हजार. खरी गरज मात्र १५९९ फोनांचीच होती.

म्हणजे केंद्र नसतानाही बातमी झपाट्याने पसरते, पण उधळपट्टी फार होते. आपल्या लेखाचा विषय ही उधळपट्टीच आहे. ती कमी करण्याचा प्रयत्न आज जगभरचे संगणकतज्ज्ञ करीत आहेत, आणि त्यासाठी लागलेल्या गणिताची एक महत्त्वाची कडी मुंबईच्या मृत्यूनोंदवहीत सापडते.

अनेकांच्या घरी एकच वही

हा प्रश्न संगणकांपुढे का आला ते आधी पाहू. आपल्याकडे जुन्या काळी गावचे दप्तर कुलकर्णी ठेवीत असे आणि परगण्याचे देशपांडे. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे, निर्णयाचा महजर लिहिला जाई, आणि त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या पडत, पाटलाची निशाणी नांगर. एकाने आपल्या घरच्या कागदात खाडाखोड केली तरी दुसऱ्याच्या दप्तरातून आणि साक्षीदारांच्या तोंडून ती उघडी पडण्याची शक्यता असे. नोंद अनेकांपाशी असली की ती खोटी करणे अवघड जाते. ही जाण काही नवी नाही.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या टिपणात हीच जाण संगणकाच्या भाषेत आली, आणि ३ जानेवारी २००९ ला बिटकॉइनच्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. या वहीला ब्लॉकचेन म्हणतात. आपण तिला साखळीवही म्हणू. वहीची पूर्ण प्रत हजारो संगणकांवर असते. व्यवहार पानांवर नोंदतात, आणि प्रत्येक नव्या पानावर मागच्या पानाचा गणिती ठसा असतो. मागचे एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो आणि पुढची सगळी साखळी तुटते. नवे पान कोणी लिहायचे हे एका अवघड गणिती शोधाच्या शर्यतीवर ठरते. सरासरी दर दहा मिनिटांनी कोणीतरी जिंकतो, आणि त्याला बक्षीस मिळते. चलन म्हणून बिटकॉइनबद्दल आमचे मत फारसे अनुकूल नाही, पण तो वाद येथे नको. वहीचा प्रश्न चलनाहून व्यापक आहे. आपल्याच राज्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली येथे २०२२ साली जातीच्या सुमारे ६५,००० प्रमाणपत्रांची नोंद पॉलिगॉन नावाच्या साखळीवहीत करण्याची योजना जाहीर झाली होती. प्रमाणपत्र खरे की बनावट हे कोणालाही तपासता यावे, हा तिचा हेतू.

आता अडचण पाहा. हजारो प्रती आहेत, पण केंद्र नाही. नवे पान तयार झाले की ते एका संगणकाकडून शेजाऱ्यांकडे, त्यांच्याकडून त्यांच्या शेजाऱ्यांकडे असेच पसरायचे. ते पोचेपर्यंत दूरचा एखादा संगणक जुन्याच पानापुढे दुसरे पान लिहून मोकळा होतो. मग वहीला दोन फाटे फुटतात, आणि काही काळ कोणता फाटा खरा याबद्दल जाळ्यात एकमत नसते. त्या वेळात एकच पैसा दोघांना देणारा लबाड आपला डाव साधू शकतो.

याहून गंभीर गोष्ट अशी की उशिराचा तोटा सर्वांना सारखा होत नाही. ज्याच्यापाशी शंभर संगणक एका छताखाली आहेत त्याला स्वतःचे पान तत्क्षणी कळते, आणि पुढच्या शर्यतीला तो लगेच लागतो. कोपऱ्यातला एकटा गडी मात्र जुन्याच पानावर झटत राहतो. रतनवाडीच्या मुलाला परीक्षेची प्रश्नपत्रिका नगरच्या मुलापेक्षा पंधरा मिनिटे उशिरा मिळाली तर जे होईल तेच इथे होते. बातमी जितकी मंद, तितका मोठ्यांचा फायदा. आणि सगळे लेखन हळूहळू दोन-चार मोठ्यांच्या हाती गेले तर वही सर्वांच्या घरी ठेवण्यात अर्थ काय उरला?

मुंबई, १९०५-०६

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. पुण्यात १० मार्च १८९७ रोजी रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या, आणि त्याच वर्षी २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. रोग रेल्वेच्या वाटांनी फिरला. दौंड-मनमाड रस्ता १८७८ पासून नगरवरून जात होता, आणि हा जिल्हाही त्या साथीतून सुटला नाही. साथ वर्षामागून वर्षे परत येत राहिली. तिचा अभ्यास करणाऱ्या मंडळाने मुंबई बेटातल्या मृत्यूंचे आठवडेवार आकडे छापून ठेवले.

हे आकडे पुढे एडिंबरोला पोचले. तेथे रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते अँडरसन मॅकेंड्रिक. ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करून १९२० साली परतलेले. त्यांचे सहकारी विल्यम केरमॅक हे रसायनशास्त्रज्ञ होते. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती आणि ते गणित मनातल्या मनात करीत. या दोघांनी १९२७ साली साथीच्या गणिताचा एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी लोकसंख्येचे तीन गट कल्पिले : ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना झाला आहे आणि जे पसरवीत आहेत ते, आणि जे बरे होऊन वा मरून या खेळाबाहेर गेले ते. नव्या लागणीचा वेग पहिल्या दोन गटांच्या गुणाकाराच्या प्रमाणात. एवढ्यावरून त्यांनी एक वक्र काढला आणि १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातल्या मुंबईच्या आकड्यांवर बसवून दाखवला. हळू सुरुवात, मग झपाट्याने चढ, सतराव्या आठवड्याला म्हणजे एप्रिलच्या मध्यास आठवड्याला ८९० मृत्यूंचा कळस, आणि पुन्हा उतार. वक्राखालचे क्षेत्रफळ ८९०० भरते. इतकी माणसे त्या एका हंगामात एका शहरात गेली.

या आकृतीत एक मोठी गंमत आहे. गाठीचा प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसाला होत नाही. तो उंदरांचा रोग, आणि पिसू तो माणसापर्यंत आणते. मुंबईतल्या त्याच मंडळाने त्याच सुमारास हे प्रयोगाने दाखवले होते. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनाही याची जाणीव होती. माणसांतली साथ ही उंदरांतल्या साथीचे प्रतिबिंब आहे असे गृहीत धरतो, असे त्यांनी लिहून ठेवले. शिवाय प्रत्येक उंदराची गाठ प्रत्येक उंदराशी सारख्याच शक्यतेने पडते असे धरावे लागते. मांडवीचा उंदीर परळच्या उंदराला कशाला भेटेल? तेव्हा ज्या प्लेगवर हे गणित बसवले त्या प्लेगला ते ओढूनताणूनच लागू होते. साठ वर्षांनी मात्र अशी एक वसाहत निर्माण झाली जिथे कोणीही कोणालाही सारख्याच सहजतेने भेटू शकत होता. ती संगणकांची होती.

साथ मुद्दाम लावायची

१९८० च्या दशकात झेरॉक्स कंपनीचे अंतर्गत संगणकजाळे अमेरिकेपासून इंग्लंडपर्यंत पसरले होते. कोणता माणूस, कोणते छपाईयंत्र कोठे आहे याची एक नोंदवही त्यांच्याकडे होती, आणि तिच्या काही प्रती शेकडो संगणकांवर ठेवल्या होत्या. एका प्रतीत बदल झाला की बाकीच्यांना टपाल धाडायचे अशी व्यवस्था होती. टपाल कधी हरवे. मग प्रती जुळवण्यासाठी संगणक रात्री एकमेकांच्या वह्या ताडून पाहत, आणि त्या ओझ्याने जाळेच तुंबून जाई. अटलांटिक महासागरापलीकडे जाणारी तार तर सर्वांत आधी.

ॲलन डिमर्स आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांनी यावर १९८७ मध्ये जो तोडगा मांडला त्याच्या नावातच 'साथ' हा शब्द होता. प्रत्येक संगणकाने नवी बातमी कोणत्याही एका संगणकाला 'लावायची'. त्यांनी साथशास्त्रातलेच तीन गट घेतले, फक्त हेतू उलटा केला. डॉक्टरला साथ थांबवायची असते, यांना ती पूर्ण वसाहतीत पोचवायची होती. थांबण्याचा नियमही गावगप्पांवरून घेतला. समोरच्याला बातमी आधीच माहीत निघाली की सांगणाऱ्याचा उत्साह मावळतो. पहिल्याच अशा अनुभवाने प्रत्येकजण गप्प बसला तर वीस टक्के लोकांना बातमी कधीच कळत नाही. सरासरी दुसऱ्या अनुभवापर्यंत दम धरला तर हे प्रमाण सहा टक्क्यांवर येते. उरलेल्यांसाठी मात्र अधूनमधून वह्या ताडण्याला पर्याय नाही, असेही त्यांना दिसले. वह्या ताडण्याचा हा मुद्दा लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

शिस्तीने फोन केले तर उधळपट्टी टळणार नाही का, असे कोणी विचारील. टळते. चार मैत्रिणींना प्रत्येकी एक वेगळी बातमी माहीत आहे. सर्व बातम्या चौघींना कळण्यासाठी किती फोन हवेत? सीता-गीता, मीना-नीना, मग सीता-मीना आणि गीता-नीना, असे चार पुरतात. संख्या कितीही असली तरी दुपटीतून चार वजा केल्यावर येतील तितके फोन पुरतात आणि त्याहून कमी चालत नाहीत, हे १९७० च्या दशकाच्या आरंभी सिद्ध झाले आहे. आपल्या सोळाशे गावांसाठी ३१९६. पण त्यासाठी कोणी कोणाला कधी फोन करायचा याचे वेळापत्रक कोणीतरी आखायला हवे, आणि एका गावाचा फोन बंद पडला तरी वेळापत्रक कोसळते. चिठ्ठ्या टाकणाऱ्यांचे तसे काही बिघडत नाही.

घाईची किंमत

साखळीवहीचे जाळे याच पद्धतीने चालते, पण एक फरक आहे. इथे प्रत्येक संगणक पुढे पाठवण्याआधी पान तपासतो. सह्या खऱ्या आहेत का, पैसा आधी खर्च झालेला नाही ना, हे पाहतो आणि मगच शेजाऱ्याला सांगतो. त्यात वेळ जातो. झ्युरिचच्या क्रिस्तियान डेकर आणि रॉजर वाटेनहोफर यांनी २०१३ मध्ये हा वेळ मोजून प्रसिद्ध केला. निम्म्या संगणकांना पान पोचायला ६.५ सेकंद, सरासरी १२.६ सेकंद, आणि चाळीस सेकंदांनंतरही पाच टक्के संगणक अंधारात. दहा हजार पानांत १६९ वेळा वहीला फाटे फुटलेले आढळले. हे वर्गातही पडताळता येईल. ६०० सेकंदांत सरासरी एक पान तयार होते, बातमी पोचायला सरासरी १२.६ सेकंद लागतात. भागाकार केला तर दोन टक्क्यांच्या जवळपास फाटे अपेक्षित आहेत. मोजमाप १.६९ टक्के आहे. पान जितके मोठे तितका उशीर, हेही त्यांना दिसले. वीस किलोबाइटच्या पुढे दर किलोबाइटला सुमारे ८० मिलिसेकंदांची भर पडत होती.

मग वेळ वाचवायचा कसा? काहींनी सोपी वाट धरली, तपासणीच गाळली. ४ जुलै २०१५ रोजी बिटकॉइनच्या नियमांत एक बदल लागू झाला. त्यानंतर एकाने जुन्या रीतीचे, म्हणजे आता अवैध ठरलेले, पान लिहिले. शर्यतीतल्या इतरांनी ते न तपासता त्यापुढे आपली पाने रचली, आणि सहा अवैध पाने एकापुढे एक उभी राहिली. वेग वाढला खरा, पण खोट्याचाही तेवढाच वाढला.

पैशाच्या वहीत हे सावरता आले. माणसांच्या जाळ्यात ते सावरत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. मोबाइलवरून फिरणारे असे संदेश कोणी तपासत नव्हते, तपासण्याची सोयच त्या जाळ्यात नव्हती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यास बंदी घातली. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या गणितात याला नेमकी जागा आहे. एक रोगी सरासरी एकाहून कमी जणांना लागण करू लागला की साथ विझते. तेव्हा प्रसार जलद करणारे आणि मंद करणारे एकाच समीकरणाच्या दोन बाजूंना काम करीत असतात.

दुसरी वाट महामार्ग बांधण्याची. मॅट कोराल्लो या प्रोग्रामरने जगात मोजक्या ठिकाणी वेगवान संगणक बसवून पाने पोचवणारी खास सेवा चालवली. ती उपयोगी ठरली. पण मोजक्या ठिकाणांवर जाळे विसंबले की जिल्ह्याचे ठिकाण मागच्या दाराने परत आले. आमच्या मते हे औषध म्हणून ठीक, रोजचे अन्न म्हणून नव्हे. ही बाजू खुद्द कोराल्लो यांनाही दिसत असावी, कारण २०१६ मध्ये तिसऱ्या वाटेचा प्रस्तावही त्यांनीच मांडला.

ती वाट अशी. नव्या पानावरचे बहुतेक व्यवहार समोरच्या संगणकाला आधीच माहीत असतात, कारण ते सुटे सुटे त्याच्याकडे येऊन गेलेले असतात. मग पूर्ण पान कशाला पाठवायचे? प्रत्येक व्यवहाराचा सहा बाइटचा छोटा ठसा पाठवावा. समोरचा आपल्या साठ्यातून व्यवहार शोधून पान स्वतः जुळवील, आणि एखादा नसेल तर तेवढाच मागून घेईल. अडीच हजार व्यवहारांचे दहा लाख बाइटचे पान अशाने १५,००० बाइटांत पोचते. तार तीच, संगणक तेच, पण ओझे जवळजवळ सत्तरावा भाग. लग्नाची यादी दुकानदाराला फोनवर सांगताना आपण 'मागच्या महिन्याचेच सामान, फक्त गूळ दोन किलो जास्त' असे म्हणतो, त्यातला प्रकार.

आता सुट्या व्यवहारांची बातमी उरली. प्रत्येक व्यवहार प्रत्येक शेजाऱ्याला कळवावा लागतो, आणि बहुतेक वेळा त्याला तो दुसऱ्याकडून कळलेलाच असतो. एखादा संगणक या जाळ्यात राहण्यासाठी जेवढी माहिती पाठवतो वा घेतो त्यातली निम्मी अशा सूचनांतच जाते, असे २०१९ मध्ये ग्लेब नौमेंको आणि सहकाऱ्यांनी दाखवले. त्यांनी सुचवलेली पद्धत, नाव एर्ले, सध्याच्याच जोडण्यांत चाळीस टक्के माहिती वाचवते. तिचे मर्म जुन्या वह्या ताडण्यातच आहे. दोन शेजाऱ्यांनी थोड्या थोड्या वेळाने आपापल्या याद्या जुळवायच्या. पण याद्या पूर्ण न पाठवता जुळवायच्या कशा?

हे गणित १९५९-६० च्या सुमारास संदेशातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी शोधले गेले होते. फ्रान्समध्ये ओकेंगेम यांनी, आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना येथे राजचंद्र बोस आणि त्यांचे विद्यार्थी द्विजेंद्रकुमार रायचौधुरी यांनी. बोस कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतून तेथे गेलेले. त्याच बोसांबरोबर १९५९ मध्ये ऑयलरचे पावणेदोनशे वर्षांचे एक अनुमान खोडून काढणारे शरच्चंद्र श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले आणि २०२० मध्ये वयाच्या १०३ व्या वर्षात वारले. त्यांचा या संकेतांशी थेट संबंध नाही, पण मराठी शिक्षकांना बोसांच्या त्या परिवाराची ओळख असावी म्हणून हा उल्लेख केला.

मूळ युक्ती नववी-दहावीच्या वर्गात करून पाहता येते. वर्गात ४० मुले, हजेरी क्रमांक १ ते ४०. सर्व क्रमांकांची बेरीज ८२०, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज २२,१४०. आज दोघे गैरहजर आहेत. वर्गप्रमुखाने ३८ क्रमांक न सांगता फक्त दोन संख्या मुख्याध्यापकांना कळवायच्या : हजर क्रमांकांची बेरीज ७७५ आणि त्यांच्या वर्गांची बेरीज २१,०६७. वजाबाकी केली की गैरहजर क्रमांकांची बेरीज ४५ आणि वर्गांची बेरीज १०७३ मिळते. ४५ चा वर्ग २०२५, त्यातून १०७३ वजा करून निम्मे केले की गुणाकार ४७६. आता क्ष² − ४५क्ष + ४७६ = ० हे समीकरण सोडवावे. उत्तरे १७ आणि २८. यादी चाळीसची असो की चाळीस हजारांची, दोघांचा फरक शोधायला दोनच संख्या पुरतात. संगणकाच्या दोन अंकी अंकगणितात वर्गांच्या बेरजेतून नवे काही कळत नाही, म्हणून तेथे वर्गांऐवजी घन आणि पुढचे विषम घात घेतात. बाकी रीत हीच.

मात्र किती फरक असेल याचा अंदाज आधी बांधावा लागतो. दोघेच गैरहजर आहेत असे धरले, आणि प्रत्यक्षात १, २ आणि ६ हे तिघे नसले, तर काय होते ते मुलांना करून पाहू द्यावे. बेरीज ९ आणि वर्गांची बेरीज ४१ येते. समीकरण बिनतक्रार सुटते, आणि उत्तर मिळते ४ आणि ५! वर्गात बसलेली दोन मुले गैरहजर ठरतात आणि घरी बसलेली तिन्ही सुटतात. घनांची बेरीजही मागवली असती तर एकीकडे २२५ आणि दुसरीकडे १८९ येऊन चूक लगेच पकडली गेली असती. म्हणून दोन संगणक याद्या जुळवण्याआधी आपल्यात साधारण किती फरक पडला असेल याचा अंदाज बांधतात, आणि त्याहून थोड्या अधिकच बेरजा पाठवतात.